मागून येताहेत

माझे वडील जाऊन अकरा आठवडे झाले होते, तेव्हा आम्ही तिघं क्रूझला गेलो.

या वाक्यात चूक नाही. मी पुन्हा वाचून पाहिलंय.

क्रूझ बाबांनीच ठरवली होती, रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. त्याआधी आमच्या घरातलं कुणी पाण्यावर गेलं असेल तर ते बागेतल्या तळ्यात, पायाने चालवायच्या प्लॅस्टिकच्या बदकात, आणि तेही बदक मध्येच अडकलं होतं. त्यामुळे बाबांनी अभ्यास सुरू केला. शंभर पानी वही आणली आणि तिच्यात क्रूझवाल्यांचे शब्द अर्थासकट उतरवायला घेतले. "तिथली माणसं वेगळीच भाषा बोलतात," ते म्हणाले. "आपण बावळटासारखं त्यांच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं नाही."

पहिल्या पानावर असं होतं:

एम्बार्केशन : चढणे. सामान आधी, माणसं नंतर, आमची ही सगळ्यांच्या आधी.

इनसाइड केबिन : खिडकी नसलेली खोली. बाहेर समुद्र आहे असं धरून चालायचं.

डबल ऑक्युपन्सी : खोली दोघांची धरतात. एकटा गेला तरी दोघांचीच. म्हणजे दुसरा नसला तरी असतो.

हे लिहिल्यावर काही दिवसांनी एका दुपारी बाबा पेपर तोंडावर घेऊन झोपले आणि उठलेच नाहीत. वहीतला शेवटचा शब्द होता डिसएम्बार्केशन. त्यापुढे दोन टिंबं. त्यापुढे कोरं पान.

मी आईला म्हटलं, बुकिंग रद्द करू. आई म्हणाली, "राहू दे." म्हटलं, मग बाबांचं नाव काढून माझं घालू. आई म्हणाली, "घाल तुझं. काढू नकोस कुणाचं."

मी एका लिफ्ट कंपनीत फोनवर बसते. लिफ्ट अडकली की आतला माणूस लाल बटण दाबतो आणि त्याला माझा आवाज ऐकू येतो. मी दोनच गोष्टी सांगते: मदत निघालीये, आणि आतून दार ओढू नका. अडकलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही, दार नेहमी बाहेरून उघडायचं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. तर मी वाद घातला नाही. तिसरी प्रवासी म्हणून माझं नाव घातलं आणि गप्प बसले.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. तसं ते वाटेलच.

आई आणि बाबा एकाच ऑफिसात होते, पाणीपुरवठ्याच्या. आई आत रेकॉर्डला, बाबा घरोघरी मीटर वाचायला. बाबा वाटेत दिसेल त्याच्याशी बोलत बसायचे. दिसलं नाही कुणी, तर मीटरशी बोलायचे. ऑफिसला रोज उशीर. हजेरीचं रजिस्टर मात्र सव्वादहाला हेडक्लार्कच्या कपाटात बंद व्हायचं. म्हणून आई रोज दोन सह्या करायची, एक स्वतःची आणि एक बाबांची. हेडक्लार्क विचारायचे, "कुठायत?" आई म्हणायची, "मागून येताहेत." एकतीस वर्षं. बाबांचं अपेंडिक्स काढलं त्या दिवशीही ते ऑफिसात वेळेवर हजर होते. रजिस्टर काढून बघा.

बाबा गेल्यावरही घरी त्यांना कुणाचा फोन आला की आई सांगायची, "बाहेर गेलेत." अकरा आठवडे ते बाहेर होते.

बंदरावरच्या काउंटरला आईने तीन पासपोर्ट ठेवले. काउंटरच्या मुलीने तीन कार्डं छापली. प्रत्येकावर नाव आणि खोलीचा नंबर. बाबांनी स्वतःच काही महिन्यांपूर्वी फोटो पाठवला होता, त्यामुळे मशीनमध्ये ते आधीपासूनच होते. शर्टाचं वरचं बटण लावून, गुन्हेगारासारखे सरळ बघत.

"आणि सर?" मुलीने विचारलं.

"मागून येताहेत," आई म्हणाली.

मी आईकडे पाहिलं. आई पर्स बंद करत होती. पुढे लोखंडी पूल होता, जहाजात नेणारा. गँगवे. (बाबा : फळीचा पूल. इथपर्यंत आपण जमिनीचे, इथून पुढे त्यांचे.) दारावर निळ्या ब्लेझरमधली एक बाई मशीनपाशी उभी होती. कार्ड टेकवायचं, टिंग व्हायचं, स्क्रीनवर फोटो यायचा, बाई फोटो बघणार, चेहरा बघणार, पुढे सोडणार. माझं टिंग झालं. आईचं झालं. मग आईने तिसरं कार्ड टेकवलं.

टिंग.

आता बोंब होणार, असं मला वाटलं. मी चेहरा ओशाळा करून तयार ठेवला. बाईने स्क्रीन पाहिला. मग आमच्या खांद्यावरून मागे पाहिलं, मान लववली आणि म्हणाली, "वेलकम अबोर्ड, सर."

मी मागे वळले. मागे पूल होता. पुलावर कुणी नव्हतं. अर्ध्यावर एक ढकलखुर्ची, तीही रिकामी, आणि तिला ढकलणारा तिच्यापासून दहा पावलांवर बुटाची लेस बांधत होता.

"चल गं," आई म्हणाली. "वाट अडवू नकोस त्यांची."

तासाभराने मस्टर ड्रिल. (बाबा : जहाज बुडालं तर कुठे उभं राहायचं याची तालीम. बुडत नाही. तरी उभं राहायचं.) प्रत्येक खोलीला एक जागा ठरवून दिलेली. आम्हाला थिएटरच्या बाहेरचा जिना मिळाला. नारिंगी जाकीट घालून एक पोरगा सगळ्यांची कार्डं मशीनला लावून घेत होता. सगळ्यांची लागल्याशिवाय जहाज हलत नाही. आमच्या जिन्यावर एकच माणूस कमी पडत होता. मग लाउडस्पीकरवर बाबांचं नाव आलं. पूर्ण नाव, आडनाव मध्ये मोडून. एकदा. दुसऱ्यांदा. तीन हजार माणसं माझ्या वडिलांसाठी खोळंबली होती. त्यांच्या अंत्ययात्रेला चौदा जण होते.

तिसऱ्या वेळी नाव आलं तशी आई उठली. मी तिचा हात धरला. "आई, सांगूया त्यांना. काही होत नाही. सरळ सांगूया."

"काय सांगू?"

मला शब्द सापडला नाही. वही माझ्याच हातात होती, पण तो शब्द त्यात नव्हता.

आई गेली आणि बाबांचं कार्ड मशीनला लावून आली. इतक्या सवयीने, की मला त्या क्षणी ते रजिस्टर दिसलं, ती निळी शाई दिसली. पोरगा म्हणाला, "सर दिसत नाहीयेत?" आई काय म्हणाली हे तुम्हाला ठाऊक आहे. पोराने मान डोलावली. भोंगा वाजला. जहाज निघालं.

खोली म्हणजे एक बऱ्यापैकी मोठं कपाट होतं. खाली जोडून ठेवलेले दोन पलंग, आणि माझ्यासाठी भिंतीतून ओढून काढायचा वरचा बर्थ. त्यावर मी माळ्यावरच्या जुन्या पातेल्यासारखी पडून असायची. खालचा उजवा पलंग आईचा. डावा रिकामा. त्याखाली आईने भरून आणलेली बाबांची चौकोनी तपकिरी बॅग.

पहिल्या दिवशी जेवून आलो तर खोली आवरणाऱ्या काकांनी टॉवेलांचे तीन प्राणी करून ठेवलेले. माझ्या बर्थवर ससा, आईच्या पलंगावर हत्ती, डाव्या पलंगावर एक बदक. काका दारात उभे होते. पन्नाशीचे, मिशा पांढऱ्या, हातात चादरी.

"बदक का?" मी विचारलं.

"सरांनी सांगितलं," काका म्हणाले. "मला येत नव्हतं. त्यांनी समजावलं, मान कशी वळवायची ते."

मी भिंत धरली. जहाज हलत होतं म्हणून, असं मी त्या वेळी ठरवलं.

"सरांना उशी कडक लागते, बदलून दिलीये," काका पुढे म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मॅडम, एक सांगू का? राग मानू नका. सर माणूस चांगला आहे. पण फार बोलतात हो. माझ्या अजून अकरा खोल्या राहिल्यात."

आई हसली. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा. "त्यांना म्हणायचं, मीटर किती झालं ते सांगा आणि निघा," ती म्हणाली. "मी तेच म्हणायचे."

दुसरा दिवस सी डे होता. (बाबा : ज्या दिवशी कुठेही पोचायचं नसतं तो दिवस. आपल्याला जमेल.) मी आख्ख्या जहाजावर बाबांना शोधलं. असं सरळ लिहिलं की कसंतरी वाटतं, पण दुसरं काय म्हणू? पोहण्याचा तलाव पाहिला, चहाची जागा पाहिली, मशीनशी बोलत बसायला जागा म्हणून कपडे धुण्याची खोली पाहिली. तिथे दोन वॉशिंग मशीन चालू होती, आणि त्यांच्या समोर एक खुर्ची ओढलेली होती. खुर्ची गरम होती. मशीनमुळे असेल.

लोकांना ते दिसत होते, हाच माझा राग. लिफ्टमध्ये एका म्हाताऱ्या बाईने मला थांबवून सांगितलं, "तुझ्या वडलांनी काल मला पोर्ट आणि स्टारबोर्ड मस्त समजावलं. पुढे तोंड करून उभं राहायचं, डावं ते पोर्ट." मी म्हटलं, "हो, त्यांना आवड आहे." दुसरं काय म्हणणार? मग मी उरलेले मजले जिन्याने चढले.

खोलीत आले तेव्हा आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबांच्या शर्टाच्या.

"तुला दिसतात का ते?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय? एकतीस वर्षं ऑफिसात तरी कुठे दिसायचे? पण हजर असायचे ना."

कंपनीने अशा फोनसाठी आम्हाला काही शिकवलेलं नाही.

चौथ्या दिवशी जहाज एका गावासमोर थांबलं. गावाचा धक्का उथळ, म्हणून लहान बोटींनी किनाऱ्यावर जायचं होतं. त्या बोटींना टेंडर म्हणतात. (बाबा : मोठ्याला जिथे जाता येत नाही तिथे लहान नेते.) ऑल अबोर्ड साडेपाचला. (बाबा : यानंतर जहाज कुणासाठीही थांबत नाही. हिने लक्ष ठेवावे.) किनाऱ्यावर आईने एका बाकावर बसून घेतलं. समोर टोप्यांची दुकानं होती, स्वच्छ पाणी होतं, लोक एकमेकांचे फोटो काढत होते. आई जहाजाकडे तोंड करून बसली. वीस मिनिटांनी म्हणाली, "चल परत."

"अगं, दुपारचे बारा वाजलेत."

"ते एकटे आहेत तिकडे."

परतीच्या टेंडरमध्ये आम्ही दोघीच होतो. नावाडी पाठमोरा. पाणी बोटीच्या कुशीत थपथप मारत होतं. आईने पर्समधून वही काढली, शेवटचं लिहिलेलं पान उघडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"बघ. चढायचं लिहिलंय. राहायचं लिहिलंय. उतरायचं लिहिलंच नाही त्यांनी."

"लिहायचं राहिलं, आई."

"तेच म्हणतेय." ती बोटांनी ते कोरं पान सारखं करत होती. "मी काल खाली डेस्कवर विचारून आलेय. बॅक-टू-बॅक म्हणून असतं काहीतरी. हे जहाज परत गेलं की न उतरता पुढच्या फेरीलाही राहता येतं. खोली तीच मिळेल म्हणाली ती मुलगी."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर पुढची."

"आई, घर आहे आपलं."

"घरी ते नाहीयेत," आई म्हणाली. सरळ, किराणा सांगावा तशी. "मी बघितलंय सगळीकडे. तू ऑफिसला जायचीस तेव्हा."

तेवढ्यात टेंडर जहाजाला लागलं. दारावरची बाई म्हणाली, "इतक्या लवकर? सर तर उतरलेच नाहीत." आईने माझ्याकडे असं पाहिलं, की बघ.

पुढचे दोन दिवस मी जहाजावरचं काहीही पाहिलं नाही. आईलाच पाहत होते. तिची भूक वाढली होती. ती जेवताना शेजारची खुर्ची रिकामी ठेवायची आणि वाढप्याला म्हणायची, त्यांचं नंतर. तिचा चेहरा उजळला होता, आणि मला त्याचीच भीती वाटत होती. आमच्याकडे काही फोन असे येतात. माणूस तासभर अडकलेला असतो आणि एकदम शांत होतो. म्हणतो, घाई नाही हो, मी बरा आहे इथे. तो फोन आला की आम्ही दोन गाड्या पाठवतो.

शेवटच्या आदल्या दिवशी दुपारी पत्रक आलं. चारच्या आत बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवा, त्या परस्पर किनाऱ्यावर जातील. सोबत तीन टॅग. आईने एक टॅग माझ्या बॅगेला बांधला. "तू जा," म्हणाली. "ऑफिस असेल तुला. मी जरा वरती पाय मोकळे करून येते. मग चारला खाली जाऊन त्या मुलीला पक्कं सांगीन."

ती डेकवर चपला घालून फिरायला गेली. मी बर्थवरून खाली उतरले.

आतून दार ओढायचं नाही. बाहेरून उघडायचं.

मी बाबांची तपकिरी बॅग पलंगाखालून काढली. घड्या घातलेले शर्ट, चष्म्याचं घर, वही आणि तिला अडकवलेलं पेन, सगळं आत घातलं. टॅग बांधला. बाबा कुठलीही दोरी बांधताना तीन वेढे द्यायचे आणि टोक आत खोचायचे, मीटरचं सील बांधतात तसं. मी तसंच बांधलं. बॅग दाराबाहेर ठेवली, आत येऊन दार लावलं आणि नळ सोडून न्हाणीघरात उभी राहिले. आयुष्यात आईशी मी इतकं मोठं खोटं कधी बोलले नव्हते, आणि अजून तर तोंडही उघडलं नव्हतं.

आई आली. दार उघडं ठेवून कॉरिडॉरमध्येच थांबली.

"ही कुणी ठेवली?"

"काय?" मी आतून ओरडले. "मी आंघोळ करतेय!"

मी कोरडी ठणठणीत बाहेर आले. आईचं लक्षच नव्हतं. ती वाकून ती गाठ बघत होती. तीन वेढे, टोक आत. मी मनात वाक्य जुळवत होते, बाबांनीच ठेवली असेल, आपण तर ठेवली नाही.

तेवढ्यात काका चादरींची गाडी ढकलत आले. मी अजून एक अक्षर बोलले नव्हते. हे मी शपथेवर सांगते.

"सर भेटले आत्ता जिन्यात," काका म्हणाले. "निरोप घ्यायला थांबले होते. आज कधी नव्हे ते दोन मिनिटांत आटपलं. म्हणाले, उद्या लवकर उतरायचंय, गर्दीच्या आत."

माझ्या पाठीतून गार पाणी सरकलं. आंघोळ न करता.

काका गाडी ढकलत पुढे गेले, तिचं एक चाक किरकिरत होतं, ते वळणापलीकडे जाईपर्यंत ऐकू आलं. मग आई आत आली, आपली बॅग भरली, टॅग लावला आणि दाराबाहेर तपकिरी बॅगेशेजारी टेकवून ठेवली. चारला पाच मिनिटं कमी होती. ती डेस्कवर गेली नाही.

सकाळी डाव्या पलंगावर काही नव्हतं. उशी मऊ, बदललेली.

उतरायला रांग होती. दारावर तीच बाई. माझं टिंग, आईचं टिंग. आईने पर्समधून बाबांचं कार्ड काढलं आणि टेकवलं. मशीनने टिंग केलं नाही, घशातल्या घशात एक आवाज केला.

"सर गेले की, मॅडम," बाई म्हणाली. "सात दहाला. सगळ्यांत पहिले."

कार्ड आठवडाभर आईच्या पर्समध्ये होतं. पर्स रात्री तिच्या उशाखाली असायची. आम्ही दोघींनीही हे बोलून दाखवलं नाही.

किनाऱ्यावर एक लांबलचक शेड, त्यात नंबराप्रमाणे बॅगांच्या ओळी. माझी होती. आईची होती. दोन्हींच्या मध्ये एका बॅगेएवढी जागा रिकामी. मी सामानाच्या टेबलाशी गेले. तिथल्या माणसाने चष्मा कपाळावर सरकवला, टॅगचा नंबर विचारला आणि एक जाड रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

"नेलीये. ही बघा सही."

मी बघितलं आणि बाजूला झाले. आई पुढे आली. तिने रजिस्टरवर बोट ठेवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या रेघेपर्यंत हळूहळू नेलं. बाबांचीच सही होती ती, रजिस्टरमध्ये एकतीस वर्षं असायची तशी. मला कुणी विचारलं असतं तर आईनेच केलीये म्हटलं असतं.

"माझी नाही ही," आई म्हणाली. "माझी शेवटची रेघ वर जाते. घाईत असायचे ना मी." ती त्या रेघेवर अजून बोट फिरवत होती. "यांची खाली उतरते. बँकेत बघितलीये मी. ऑफिसात कधी..." ती थांबली. मग टेबलामागच्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, "पहिल्यांदा स्वतः केलीये. आणि वेळेवर."

"हो, सकाळी पहिलेच होते ते," माणूस म्हणाला. "थोडा वेळ बोलत उभे होते, मग गेले."

"कुठे?"

त्याने शेडच्या दुसऱ्या टोकाच्या उघड्या दाराकडे हात केला. तिथून नुसता उजेड येत होता. पलीकडे टॅक्स्यांची रांग.

आई तिथे उभी राहिली. मग तिने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि स्वतःची बॅग स्वतः ओढायला लागली.

टॅक्सीवाल्याने डिकी उघडली. "मावशी, किती जण?"

आईने सवयीने मागे वळून पाहिलं. तिचं तोंड उघडलं, ते दोन शब्द ओठांवर आलेलेही मी पाहिले. मग तिने ते गिळले.

"दोघी," ती म्हणाली. "हिचे वडील वारले. अकरा... नाही, बारा आठवडे झाले."

टॅक्सीवाला चुकचुकला. गाडी निघाली. आईला मी अजून सांगितलेलं नाही, की बॅग मी ठेवली होती. बॅगच फक्त. आणि आत वही होती, पेनासकट, त्या एका शब्दापुढे दोन टिंबं देऊन कोरं पान. आता ती त्यांच्याकडे आहे. बोलून झालं असेल तर लिहायला बसले असतील.